घरच्या वर्कशॉपला घरफोडीपासून कसे जपावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराला लागून असलेली पत्र्याची शेड, तळमजल्यावरचा गाळा, अंगणातली एखादी खोली. वेल्डिंग, सुतारकाम, मोटार रिवाइंडिंग किंवा गाडीदुरुस्ती चालते अशा जागांसाठी हे प्रश्न आहेत. मोठ्या कारखान्याचा विचार इथे केलेला नाही.

१. वर्कशॉपमध्ये ना सोनं ना रोकड. चोर तिथे कशाला येईल?

तिथला माल पटकन विकला जातो म्हणून. ग्राइंडर, ड्रिल, इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पोत्यात मावतात आणि जुन्या बाजारात त्यांना लगेच गिऱ्हाईक मिळते. तांब्याची वायर आणि मोटारीचे वाइंडिंग भंगारात वजनावर जाते. एकदा वितळले की ते कुणाचे होते हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय रात्री वर्कशॉपमध्ये कोणी झोपत नाही.

आणखी एक कारण आहे, ते आम्हाला जास्त गंभीर वाटते. पहार, शिडी, ग्राइंडर, गॅस कटर ही तुमच्या शेडमधली हत्यारेच घर फोडायला उपयोगी पडतात. शेड फुटली की घराची ग्रिल कापायला चोराला बाहेरून काही आणावे लागत नाही.

२. हाताशी फार पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू?

आधी बिनखर्चाची कामे उरका. शिडी, पहार, पाइपाचे तुकडे, सेंट्रिंगच्या फळ्या शेडच्या बाहेर पडलेल्या असतील तर आजच आत घ्या. आत जागा नसेल तर शिडी आडवी टाकून साखळीने खांबाला बांधा. नव्या मशीनचा खोका दारात टाकू नका आणि ती मशीन आल्याचा फोटो स्टेटसला ठेवू नका. चौकटीवर, कुंडीखाली किंवा मीटरच्या पेटीत ठेवलेली किल्ली काढून घ्या.

त्यानंतर खर्चाचा क्रम असा ठेवा: कडी-कोयंडा (प्रश्न ४), मग कुलूप (प्रश्न ३), मग शटर आणि छप्पर (५ आणि ६), मग दिवा आणि अलार्म, आणि शेवटी कॅमेरा. बहुतेक लोक उलटे करतात. चार कॅमेरे लावतात आणि कोयंडा मात्र अर्ध्या इंची स्क्रूवर लटकत असतो. असा कॅमेरा शेड फुटताना चित्रीकरण तेवढे करतो.

३. कुलूप कोणतं घ्यावं? ग्राइंडरने कापता येणार नाही असं काही मिळतं का?

ग्राइंडरला टिकेल असे साधे कुलूप नाही. चार इंची ग्राइंडर आणि एक मिलिमीटरची कटिंग डिस्क हाती असेल तर दहा-अकरा मिलिमीटरची कडक दांडीही एक-दोन मिनिटांच्या आत कापली जाते. पण ग्राइंडरचा आवाज गल्लीभर जातो आणि ठिणग्या लांबून दिसतात, त्यामुळे वस्तीत तो वापरणे चोराला परवडत नाही. त्याची पसंती पहारीला आणि बोल्ट कटरला असते, कारण दोन्ही जवळजवळ मुकाट काम करतात. म्हणून कुलूप त्या दोघांना पुरून उरेल असे निवडा.

सहा-सात मिलिमीटरची दांडी दोन फुटी बोल्ट कटरने एका दाबात तुटते. किमान दहा मिलिमीटर जाडीची, कडक केलेली दांडी घ्या. दांडी जितकी कमी उघडी, तितका कटरचा जबडा कमी बसतो. त्यामुळे दांडी जवळजवळ पूर्ण झाकलेले कुलूप मिळाले तर ते पहिल्या पसंतीचे. आत सात-आठ लिव्हर (किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या) असलेले बरे. मात्र लिव्हरची किल्ली रस्त्यावरचा किल्लीवाला थोड्या वेळात बनवून देतो हे लक्षात ठेवा. कामगार सोडून गेला, किंवा किल्ली दोन दिवस कुणाकडे राहिली, तर कुलूपच बदला.

एक स्वस्त आणि फार उपयोगी उपाय आहे: कुलपाभोवती लोखंडी टोपी. तीन ते चार इंच व्यासाच्या, किमान तीन मिलिमीटर जाडीच्या पाइपाचा तुकडा कोयंड्याभोवती दाराला वेल्ड करायचा. समोरून कुलूप झाकलेले राहते आणि खालून हात घालून किल्ली लावायची. आधी कुलूप प्रत्यक्ष हातात घेऊन, किल्ली लावलेल्या स्थितीत मापे घ्या. टोपी घट्ट झाली तर किल्ली फिरवायला जागा उरत नाही आणि वेल्ड पुन्हा तोडावे लागते.

४. कुलूप भारी घेतलं. आता कडी-कोयंडा जुनाच चालेल ना?

चालणार नाही, कारण घरफोडीत कुलूप क्वचितच तुटते. ज्याला ते लावलेले असते ते उचकटते. पंचनाम्यांत ‘कडी-कोयंडा तोडून’ हे शब्द वारंवार येतात ते याचमुळे.

लाकडी दाराला कोयंडा स्क्रूने बसवलेला असेल तर पहारीच्या एका हिसक्यात लाकडासकट बाहेर येतो. स्क्रू काढून त्या जागी आठ किंवा दहा मिलिमीटरचे कॅरेज बोल्ट आरपार घाला. त्यांचे डोके बाहेरून गुळगुळीत गोल असते, त्यावर पाना बसत नाही. आतल्या बाजूला तीन मिलिमीटर जाडीची, कोयंड्यापेक्षा थोडी मोठी पट्टी लावा आणि तिच्यावर वॉशर घालून नट आवळा. पट्टी नसेल तर जोर पडल्यावर बोल्ट लाकूड फाडून निघतो. चौकटीकडची बाजूही तशीच करा. दार पक्के आणि चौकट भुसभुशीत, ही चूक फार ठिकाणी दिसते.

लोखंडी दाराला कोयंडा वेल्ड केलेला असला तरी तपासा. नुसते दोन टाके मारून सोडलेले वेल्ड छिन्नीने उडते. चारही बाजूंनी सलग वेल्ड हवे.

बिजागऱ्या विसरू नका. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागरीची पिन बाहेर असते. ती ठोकून काढली की कुलूप जागेवर राहते आणि दार दुसऱ्या बाजूने निघते. उपाय सोपा आहे. बिजागरीच्या बाजूला, दाराच्या कडेत वर आणि खाली बारा मिलिमीटर सळईचा पाऊण इंचाचा खुंटा वेल्ड करा आणि समोर चौकटीत चौदा मिलिमीटरचे भोक पाडा. दार बंद झाले की खुंटा भोकात बसतो. मग पिन काढली तरी दार हलत नाही.

५. शटरला दोन्ही बाजूंना कुलूप लावतो, तरी मधून उचकटतात. काय करायचं?

शटर ही पट्ट्यांची गुंडाळी आहे. दोन्ही टोके धरली तरी मधला भाग लवचिक राहतो. आठ-दहा फूट रुंद शटरच्या मध्याखाली पहार घातली किंवा गाडीचा जॅक लावला की खालची पट्टी धनुष्यासारखी वर येते आणि माणूस सरपटत आत जाईल एवढी फट पडते. म्हणून मध्याला जमिनीशी बांधणे हा पहिला उपाय आहे.

पद्धत अशी. शटरच्या मध्याखाली एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीला भोक पाडून तिच्या खाली सहा-आठ इंचांचे, टोकाला फाकवलेले दोन पाय वेल्ड करा आणि ती १:२:४ काँक्रीटमध्ये बसवा. किमान सात दिवस पाणी मारा आणि तोवर जोर लावू नका. शटरच्या खालच्या अँगलला खाच घ्या, म्हणजे शटर खाली आल्यावर पट्टी खाचेतून वर येईल आणि कुलूप तिच्यात जाईल. पट्टीभोवतालच्या खळग्यात पावसाचे पाणी साचते, त्यामुळे तळाशी पाणी जायला वाट ठेवा. नाहीतर ऑगस्टपर्यंत कुलूप गंजून बसते. खालचा अँगल पातळ असेल तर तो दोन इंची, सहा मिलिमीटर जाडीचा करून घ्या, म्हणजे मधला बाकच कमी होतो.

मग गाइड चॅनेल, म्हणजे शटर ज्यातून वर-खाली सरकते त्या दोन्ही बाजूंच्या खोबणी, पाहा. पट्ट्यांची टोके चॅनेलमध्ये दोन इंच तरी आत हवीत. कमी असतील तर मध्ये दाब देऊन पट्टी चॅनेलमधून बाहेर ओढता येते. चॅनेल भिंतीला बाहेरून स्क्रूने लावलेला असेल तर त्या स्क्रूंवर वेल्डचा टाका मारा, किंवा भिंतीत बसवलेल्या होल्डफास्टला (भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्टीला) चॅनेल वेल्ड करून घ्या.

शेडला दुसरे छोटे दार असेल तर यापेक्षा चांगला उपाय आहे: शटरला बाहेरून कुलूपच ठेवू नका. आतून दोन्ही चॅनेलमध्ये, खालून दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीच्या लगेच वर भोक पाडून बारा मिलिमीटरची पिन आरपार घाला आणि छोट्या दाराने बाहेर या. बाहेर कापायला काहीच उरत नाही. मग सगळी ताकद त्या एका दारावर खर्च करा (प्रश्न ४).

६. छपराचा पत्रा काढून आत येतात. पत्र्याला कुलूप कसं लावणार?

पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यात दुर्लक्षित वाट हीच. पत्रा धरणाऱ्या जे-हूकचा (वाकड्या आकड्याच्या बोल्टचा) नट बाहेर असतो आणि तो साध्या पान्याने सुटतो. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू असतील तर आठ मिलिमीटरच्या सॉकेटने निघतात. आठ-दहा स्क्रू काढले की पत्रा वाकवून माणूस आत उतरतो, आणि जाताना पत्रा जागेवर ठेवून गेला तर तुम्हाला दोन दिवस पत्ताही लागत नाही.

बाहेरून करायची कामे दोन. जे-हूकच्या नटाबाहेर आलेले आटे हातोडीने चेपा, म्हणजे नट मागे फिरत नाही. स्क्रूंच्या डोक्याभोवती एम-सील पक्के दाबून बसवा, सॉकेटला पकडच मिळत नाही. सगळ्या स्क्रूंना नको. भिंतीलगतच्या दोन ओळी आणि झाड, टाकी किंवा शेजारच्या स्लॅबवरून जिथे पाय ठेवता येतो तो भाग पुरे. पत्रा पुढे कधी बदलायचा झाला तर हे फोडावे लागेल, तेवढी किंमत मोजावी.

खरा अडसर आतून घालावा. पत्र्याखाली, पर्लिनला (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या लोखंडी आधाराला) खालच्या बाजूने दोन इंची चौकटीची, चार मिलिमीटर तारेची वेल्डमेश जाळी टाका, किंवा बारा मिलिमीटर चौकोनी सळया पाच इंचांच्या आत अंतर ठेवून वेल्ड करा. बाहेरून पत्रा काढल्यावर समोर जाळी दिसली की तिला कटर लागतो, म्हणजे आवाज आणि वेळ दोन्ही. पूर्ण शेडला परवडत नसेल तर छोटा भाग बंदिस्त करा. आठ बाय सहा फुटांची जाळीची खोली करून महागडी हत्यारे तिच्यात ठेवा.

जाळी वेल्ड करताना खाली थिनर, रंग, भुसा, पेट्रोल काहीही ठेवू नका. जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर किंवा पाइपावर वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर फुप्फुसाला वाईट असतो. वेल्डच्या जागेचा थर आधी घासून काढा आणि शटर उघडे ठेवा. आणि एक वाट आतून बिनकिल्लीची उघडेल अशी ठेवाच. आग लागली तर तुम्हाला बाहेर पडता आले पाहिजे.

७. माझ्या शेडच्या भिंतीही पत्र्याच्याच आहेत.

मग जमिनीपासून सात फुटांपर्यंत आतून तीच वेल्डमेश लावा (प्रश्न ६). पत्र्याची खालची कड जमिनीपासून वर असेल तर वीट किंवा काँक्रीटची एक फुटी पट्टी बांधून ती बंद करा. उंदीर आणि पावसाचे पाणीही कमी होते.

८. खिडकीला ग्रिल आहे. ते पुरेसं आहे का?

ग्रिल भिंतीत कशी बसली आहे ते पाहा. चौकटीवर बाहेरून स्क्रूने लावलेली ग्रिल चार स्क्रू काढून खाली ठेवता येते. तिचे होल्डफास्ट भिंतीत चार इंच तरी गाडलेले हवेत. सळई बारा मिलिमीटर आणि दोन सळयांमध्ये पाच इंचांपेक्षा कमी अंतर. बारा इंची एक्झॉस्ट फॅनचे भोकही तपासा. पंखा आतून चार बोल्टवर असतो, तो ढकलला की बारीक अंगाचा मुलगा सहज आत येतो. पंख्याच्या बाहेर आडव्या-उभ्या सळयांची चौकट भिंतीत गाडा. पाती साफ करायला पंखा आतून निघतोच.

९. चोर आत आलाच, तर हत्यारं वाचवायला काय करता येईल?

त्याला उचलायला जड आणि सोडवायला कटकटीचे करून ठेवा. छोट्या हत्यारांसाठी तीन मिलिमीटर पत्र्याची चार बाय दोन बाय दोन फुटांची पेटी करून घ्या. नुसत्या पत्र्याचे वजनच ८७ किलोच्या आसपास भरते. पेटी आतून जमिनीला दहा मिलिमीटरच्या चार अँकर फास्टनरने (काँक्रीटच्या भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) आवळा, म्हणजे पेटी बंद असताना बोल्ट बाहेरून दिसत नाहीत. फास्टनर काँक्रीटमध्येच धरतो. नुसत्या फरशीत, विटेत किंवा हलक्या ब्लॉकमध्ये तो फिरत राहतो. तिथे केमिकल अँकर (भोकात चिकटणारे रसायन भरून बसवायचा बोल्ट) वापरा किंवा आधी काँक्रीटचा ठोकळा ओता.

बेंच व्हाइस, पिलर ड्रिल, कॉम्प्रेसर यांना बोल्ट असतातच. फक्त बाहेर आलेले आटे चेपून ठेवा. रात्री जाताना ग्राइंडर, गॅस कटरची टॉर्च, रेग्युलेटर आणि पहारी आधी पेटीत गेल्या पाहिजेत. त्या बाहेर राहिल्या तर तुमच्या पेटीवर तुमचाच ग्राइंडर चालेल. मुख्य स्विच शेडच्या आत असेल तर तो बंद करून जा. पण अलार्म आणि कॅमेऱ्याची लाइन त्याच्या आधी, वेगळ्या एमसीबीवर (आपोआप तुटणाऱ्या छोट्या स्विचवर) घ्या. नाहीतर स्विचबरोबर तेही झोपतील.

१०. रात्रभर हॅलोजन चालू ठेवू का?

नको. सतत जळणाऱ्या दिव्याची सगळ्यांना सवय होते आणि चोरालाही काम दिसते. हालचालीवर लागणारा एलईडी दिवा बरा. तो लागला की शेजाऱ्याची नजर जाते. सेन्सर सात-आठ फुटांवर, माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल असा लावा. सरळ सेन्सरकडे चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो.

११. कॅमेरा आणि अलार्म यांपैकी एकच परवडतो. कोणता घेऊ?

अलार्म. कॅमेरा चोरी झाल्यावर कामाला येतो, अलार्म चोरी चालू असताना वाजतो. शटरसाठी जाड धातूचा, जमिनीवर बसवायचा मॅग्नेटिक सेन्सर घ्या. दारासाठीचा छोटा प्लास्टिक सेन्सर शटरच्या थरथरण्याने उगाच सुटतो. छोट्या दाराला एक साधा सेन्सर, आत हालचालीचा एक, आणि सायरन दोन: एक आत, एक बाहेर दहा फुटांवर. आतला सायरन महत्त्वाचा आहे. बंद पत्र्याच्या शेडमध्ये त्या आवाजात उभे राहणे कठीण जाते.

फोन करणारे जीएसएम (सिम कार्डवर चालणारे) पॅनेल घेताना ते टूजीवर चालते की फोरजीवर ते विचारा. स्वस्त पॅनेल बहुधा टूजीची असतात आणि त्यांत जिओचे सिम चालत नाही, कारण जिओचे टूजी जाळेच नाही. सिमचा रिचार्ज संपला तर फोन येत नाही, म्हणून दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला अलार्म मुद्दाम वाजवून पाहा आणि पहिला नंबर शेजाऱ्याचा ठेवा. तुम्ही गावाला असताना तोच आधी पोहोचणार.

१२. अलार्म रात्री कारण नसताना वाजतो. शेवटी बंद करून ठेवला आहे.

बंद करू नका, कारण शोधा. हालचालीचा सेन्सर ऊब हलली की चेततो. मांजर, तुळईवरून जाणारा उंदीर, सेन्सरच्या भिंगावर चढलेली पाल, आणि संध्याकाळी थंड होताना पत्र्याखाली फिरणारी गरम हवा ही नेहमीची कारणे. सेन्सर पत्र्यापासून दोन फूट तरी खाली, भिंतीच्या कोपऱ्यात घ्या. त्याचे तोंड खिडकीकडे किंवा शटरच्या फटीकडे नको. समोर लटकणारे पोते किंवा प्लास्टिक काढा. पॅनेलमध्ये सोय असेल तर दोनदा चेतल्यावरच वाजेल असे लावा.

उलट अडचणही येते. विदर्भात मे महिन्यात शेडमधले तापमान अंगाच्या तापमानाजवळ पोहोचते, तेव्हा माणसाची ऊब सेन्सरला वेगळी दिसत नाही आणि तो मंदावतो. अशा जागी शटर आणि दारांवरच्या मॅग्नेटिक सेन्सरवरच भिस्त ठेवा.

१३. आमच्याकडे लाइट फार जाते. मग या सगळ्याचा उपयोग काय?

अलार्म पॅनेल १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर बराच वेळ चालते. पॅनेल १०० मिलिअँपिअर घेत असेल तर हिशोबाने सत्तर तास होतात, प्रत्यक्षात त्याच्या निम्मे धरा. पत्र्याखालच्या उन्हाने बॅटरी लवकर म्हातारी होते. दोन वर्षांनी तपासा आणि तिसऱ्याला बदला. वाय-फाय कॅमेरा असेल तर नुसत्या कॅमेऱ्याला बॅकअप देऊन भागत नाही, राउटरलाही छोटा यूपीएस लागतो.

१४. कॅमेरा लावायचाच आहे. कुठे लावू आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहतं?

एक कॅमेरा नऊ-दहा फुटांवर, पूर्ण आवार दिसेल असा. दुसरा आतून बाहेर जाण्याच्या वाटेवर, चेहऱ्याच्या उंचीला. उंचावरच्या कॅमेऱ्यात टोपीचा वरचा भाग तेवढा दिसतो. शेजाऱ्याची खिडकी किंवा न्हाणीघर चौकटीत येऊ देऊ नका.

हिशोब असा. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट वापरत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. म्हणजे १२८ जीबीचे कार्ड पाच-साडेपाच दिवस, आणि चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क साधारण अकरा दिवस. आठवडाभर गावाला जात असाल तर कार्ड पुरणार नाही.

डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) कॅमेऱ्याच्या वायरी जिथे जातात तिथे उघड्यावर ठेवू नका, चोर तोच उचलून नेतो. तो घरात, कुलूपबंद कपाटात ठेवा. बाहेरची वायर जोडणीपाशी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे पाणी वायरीवरून पेटीत शिरत नाही. रात्री कॅमेऱ्याच्या दिव्यांभोवती कोळी जाळे विणतात आणि चित्र पांढरे होते, म्हणून महिन्यातून एकदा फडके फिरवा.

१५. चोरीला गेलेली मशीन सापडली तर ती माझीच हे कसं सिद्ध करू?

आत्ताच तीन गोष्टी करा. प्रत्येक मशीनचे बिल, नावाची पट्टी आणि अनुक्रमांक यांचे फोटो काढून घराबाहेरच्या कुणाकडे तरी, म्हणजे भावाकडे किंवा ईमेलवर, ठेवा. मग अंक-अक्षरांच्या पंचने खूण करा. तीन मिलिमीटरचा संच पुरतो. आम्ही गाडीचा नोंदणी क्रमांक सुचवतो, कारण त्यावरून पोलिसांना मालक लगेच शोधता येतो. आधार क्रमांक कोरू नका.

ग्राइंडर आणि ड्रिलवर गिअर हाउसिंगच्या जाड भागावर ठोका, बेअरिंग बसते त्या भागावर नको, आणि प्लास्टिकवर तर नाहीच. कडक केलेल्या पोलादावर पंच उमटत नाही आणि त्याची कपची उडते, तिथे कोरणी मशीन वापरा. दिसेल अशी एक खूण आणि लपलेली दुसरी, उदाहरणार्थ पायाखाली. पहिली घासून टाकली तरी दुसरी राहते.

१६. शटरला किंवा तारेच्या कुंपणाला रात्री करंट सोडला तर?

कधीही नाही. सकाळी विसरून शटरला हात लावणारा कामगार, चेंडू आणायला गेलेले पोर, पावसात कुंपणाला टेकलेली म्हैस, यांतले कुणीही जीव गमावू शकते. गेलेला चोर असला तरी तुमच्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, असे कलम ३७ सांगते. तुम्ही जागेवर नसताना जीव घेणारा सापळा लावणे या हक्कात बसत नाही. भिंतीवर काचा किंवा काटेरी तार लावायची तर ती दिसेल अशी, सात फुटांच्या वर लावा.

१७. रात्री शेडमध्ये आवाज येतोय. जाऊन पाहू का?

एकट्याने नको. आत किती जण आहेत आणि त्यांच्या हातात काय आहे हे कळत नसते. घराची दारे आतून लावा, बाहेरचे दिवे लावा, सायरन हाताने वाजवा आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. त्यांची वाट अडवू नका. पळताना वाहनाचा रंग आणि क्रमांक मिळाला तर तेवढे पुरे.

१८. घर कोकणात आहे आणि आम्ही गणपती-शिमग्यालाच जातो. मधल्या काळात काय?

बंद घर हेरायला वेळ लागत नाही, म्हणून सगळ्यात किमती हत्यारे तिथे ठेवूच नका. उरलेली पेटीत (प्रश्न ९). खाऱ्या हवेत साधे कुलूप एका पावसाळ्यात अडकते. पितळी अंगाचे आणि स्टेनलेस दांडीचे घ्या, आणि आत तेलाऐवजी ग्राफाइटची पूड सोडा. तेलावर धूळ आणि भुसा बसून लगदा होतो. शेजाऱ्याला पंधरा दिवसांनी अंगण झाडायला आणि वाढलेले गवत काढायला सांगा, त्याचे पैसे ठरवून द्या. शेडचा पत्रा वरूनही पाहायला सांगा, नुसते कुलूप नको (प्रश्न ६).

१९. गाळा भाड्याचा आहे. मालक काही तोडफोड करू देत नाही.

चॅनेलमधल्या पिना, कोयंड्याचे आरपार बोल्ट, अलार्म आणि जमिनीला न आवळता दोनशे किलो भंगार लोखंड तळाशी भरलेली पेटी, एवढे बहुतेक मालक मान्य करतात. जमिनीतल्या पट्टीसाठी (प्रश्न ५) लेखी परवानगी घ्या आणि जाताना ती काढायची की ठेवायची तेही त्यात लिहा. आधीच्या भाडेकरूकडे किल्ली असू शकते, म्हणून पहिल्या दिवशी कुलपे बदला.

२०. विमा काढला आहे. चोरी झाली तर पैसे मिळतील ना?

पॉलिसी पाहा. घराच्या विम्यात धंद्याची हत्यारे बहुधा धरत नाहीत, त्यांची वेगळी यादी लागते. घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा सहसा मागतात. दार उघडे राहिले आणि मशीन गेली, किंवा कामगाराने किल्लीने उघडून नेली, तर दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून तुटलेला कोयंडा, वाकलेली पट्टी हे फेकू नका. सर्व्हेअर येईपर्यंत शटरही दुरुस्त करू नका, आणि थांबणे शक्यच नसेल तर आधी भरपूर फोटो काढा.

२१. चोरी झाली. पहिल्या तासात काय करू?

आत जाऊ नका, काही उचलू नका, झाडू मारू नका. ११२ ला फोन करा. ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथक येणार असेल तर तुमच्या पावलांनी त्यांचे काम बिघडते. पंचनामा होईपर्यंत बाहेर बसून यादी करा: वस्तू, कंपनी, अनुक्रमांक, खूण, अंदाजे किंमत (प्रश्न १५ मधले फोटो इथे कामाला येतात). पंचनाम्यात आत शिरण्याची वाट स्पष्ट लिहिली आहे ना ते वाचून मगच सही करा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतली चोरी कलम ३०५ मध्ये येते, रात्रीची घरफोडी कलम ३३१ मध्ये. वर्कशॉप राहते घर नाही म्हणून तक्रार साधी होते असे नाही. हद्दीचा वाद घातला तरी कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा, त्यानेही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वस्तू ‘हरवल्याची’ ऑनलाइन नोंद ही चोरीची तक्रार नव्हे, विम्यालाही ती चालत नाही.

रेकॉर्डिंग असेल तर डीव्हीआरचे रेकॉर्डिंग थांबवा, म्हणजे जुने चित्रण पुसले जाणार नाही. त्याचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा. न्यायालयात चित्रणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. मोबाइलवर फिरलेली क्लिप त्या कामाला पुरत नाही.

२२. पोलिसांना माझी मशीन सापडली, पण ती ठाण्यातच पडून आहे. खटला संपेपर्यंत थांबायचं का?

थांबायची गरज नाही. मुद्देमाल ताब्यात मिळावा म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ४९७ आणि ५०३ त्यासाठी आहेत. बिल, अनुक्रमांकाचा फोटो आणि एफआयआरची प्रत जोडा. न्यायालय सुपुर्तनाम्यावर, म्हणजे बाँड घेऊन, मशीन देते. बोलावल्यावर ती हजर करावी लागते, म्हणून परवानगीशिवाय ती विकू नका, रंगवू नका आणि तिच्यावरची खूण घासू नका. बिल हरवले असेल तर दुकानदाराकडून जीएसटी बिलाची दुसरी प्रत काढून घ्या.